दहा टँकरांत एक ग्रॅम

चिमे, काल फोन ठेवला तेव्हा तुला वाटलं असेल, आक्का रागावली. रागावले नव्हते गं, गप्प झाले होते. तू सहज बोलून गेलीस, "आक्का, तू लग्नात सांगितलं होतंस तसं मी अजून पाणी वीस मिनिटं उकळूनच घेते," आणि माझ्या पोटात धस्स झालं. कारण तो सल्ला माझा. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईचा! बहीण बंगालात बहरमपूरच्या बाजूला राहायला निघाली आणि मी तिला उकळायला सांगून मोकळी झाले. उकळल्यानं जंतू मरतात. आर्सेनिक कुठलं मरतंय, ते जिवंत कधी होतं? वाफ उडून जाते, ते पातेल्यातच राहतं. पाणी जितकं आटेल तितकं दाट होतं. सात वर्षं तू माझं ऐकलंस. आता ते सोड आणि हे ऐक.

आपल्याकडे सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्याच्या घरात मुलगी द्यायची म्हणजे ती कुठल्या मुलखात जाईल याचा नेम नसतो. कुणी कोइमतूरला, कुणी अमृतसरला, कुणी बंगालात. तुझं स्थळ आलं तेव्हा आबा काय म्हणाले आठवतंय? "पाण्याच्या देशात चालली पोरगी." विट्याच्या माळावर टँकरचा भोंगा ऐकून घागरी घेऊन पळणाऱ्या आपण दोघी. आणि तिथं अंगणात दांडा हलवला की पाणी! आबांना त्याचंच अप्रूप. मलाही होतं.

ते पंपही मुळात भल्यासाठीच आले, बरं का. तळ्याचं, नदीचं पाणी पिऊन हगवण, कॉलरा, पोरं पटापट जायची. म्हणून १९७० च्या दशकापासून पलीकडे बांगलादेशात युनिसेफच्या मदतीनं गावोगाव नळकूप घातले गेले, इकडे बंगालातही तेच वारं. जमिनीखालचं पाणी निर्मळ, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण तिथली जमीन म्हणजे हिमालयातून वाहून आलेला गाळ. त्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून आर्सेनिक बसलेलं असतं. खाली हवा पोचत नाही, जुना पालापाचोळा कुजत असतो, तिथले जिवाणू लोह विरघळवतात आणि लोहाला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. कुणी कारखानदारानं सोडलं नाही, कुणी मिसळलं नाही. म्हणूनच भांडायलाही कुणी सापडत नाही. शे-दीडशे फुटांच्या उथळ नळकुपांत ते जास्त सापडतं, पाचशे फुटांच्या खालचं पाणी बहुधा बरं असतं. तुमचा पंप किती फुटांचा, हे पाहुण्यांना आधी विचारून घे.

कोलकात्यात हे ओळखलं ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या डॉ. के. सी. साहांनी. ते त्वचारोगतज्ज्ञ. पुढं जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी अख्खी हयात गावोगाव पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करण्यात घातली. पण सुरुवात कातडीच्या डॉक्टरांकडून झाली ना, त्यामुळं लोकांच्या मनात हा कातडीचाच आजार होऊन बसला. तूही काल तेच म्हणालीस: "आमच्या कुणाच्या हाताला काही नाही, आक्का. फक्त माशीमांच्या तळव्यांना बारीक दाणे आहेत, आणि पायांना मुंग्या येतात म्हणतात."

तुमच्या घरमालकीणबाईंच्या त्या मुंग्यांनीच मला रात्रभर जागं ठेवलं. दाणे कातडीचे, मुंग्या मज्जातंतूंच्या. मोजे घातल्यासारखी पावलं बधिर होतात, मग जळजळतात, पुढं हातांचंही तसंच. आता वयाच्या बाईला मधुमेहानंही हे होतं, म्हणून मी इथं बसून निदान करणार नाही. पण दाणे आणि मुंग्या एकाच अंगावर असतील तर पाण्याकडं बोट दाखवावंच लागेल.

आणि जे तंतूंना पोचतं ते मेंदूला पोचत नसेल, असं समजू नकोस. कसं पोचतं ते तुला तुझ्याच घरातल्या मालावरून सांगते.

ठेवणीतलं चांदीचं निरंजन काळं का पडतं? हवेत गंधकाचा अंश असतो, त्याच्याशी चांदी सूत जुळवते. आर्सेनिकलाही गंधकाचं असंच वेड. जमिनीतसुद्धा ते गंधकाचा हात धरूनच सापडतं: हरताळ आणि मनशीळ, दोन्ही म्हणजे आर्सेनिक अधिक गंधक. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर तोच पिवळा हरताळ लावायचे, खालचं अक्षर दिसेनासं व्हायचं. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ते तिथून आलंय.

आता आपल्या शरीरातल्या प्रथिनांतही ठिकठिकाणी गंधक असतो. साखरेतून शक्ती काढणारं एक मोठं यंत्र प्रत्येक पेशीत असतं, पायरुव्हेट डीहायड्रोजिनेज नावाचं. त्याला एक लांब हात आहे, आणि हाताच्या टोकाला शेजारी-शेजारी दोन गंधक. मूस उचलायच्या सांडशीची दोन पाती डोळ्यांपुढं आण. हे यंत्र त्या सांडशीनं माल उचलतं आणि पुढं देतं. आर्सेनिक येऊन नेमकं त्या दोन पात्यांत अडकतं. सांडशी मोडत नाही, पण दुसरं काही उचलूही शकत नाही. भट्टी पेटलेली, माल पडून.

मेंदू शरीराच्या वजनात शंभरातले दोन भाग, पण शक्तीतले वीस भाग खातो. भट्टी मंदावली की पहिली ओरड त्याची. शिवाय इथं दुहेरी नुकसान आहे, आणि मला स्वतःला हा सगळ्यात लबाड भाग वाटतो. त्या यंत्रातून जो माल निघतो, ॲसिटिल-कोए, त्यातून शक्ती तर बनतेच, पण त्याचाच काही भाग वापरून मेंदू ॲसिटिलकोलीन बनवतो. हा मेंदूचा निरोप्या. लक्ष देणं, ध्यानात ठेवणं, स्नायूला हुकूम पोचवणं ही त्याची कामं. म्हणजे दिव्याचं तेल आणि पत्राची शाई एकाच बुधल्यातली!

हे कळायला कबुतरं कामी आली. ऑक्सफर्डचे रुडॉल्फ पीटर्स ब जीवनसत्त्वाचा अभ्यास करत होते. नुसता पॉलिशचा तांदूळ खाऊन कबुतरांच्या माना मागं वळायच्या, कारण ब-एक नसलं की त्यांच्या मेंदूत हेच यंत्र अडायचं. दुसरं महायुद्ध आलं, लुइसाइट नावाच्या आर्सेनिकयुक्त युद्धवायूची भीती होती, आणि पीटर्सच्या लक्षात आलं की आर्सेनिकही इथंच घाव घालतंय. मग त्यांच्या चमूनं असं औषध घडवलं की ज्यात दोन गंधक शेजारी-शेजारी आहेत. आर्सेनिक सांडशी सोडतं आणि औषधाला बिलगतं. डायमरकॅप्रॉल त्याचं नाव, युद्ध संपता संपता, १९४५ साली ते जाहीर झालं. मला ही युक्ती फार आवडते, वर्गात सांगताना मी दरवेळी रंगते. पण तू लगेच ते औषध शोधायला जाऊ नकोस. ते एकदम मोठी मात्रा पोटात गेलेल्यांसाठी आहे. वर्षानुवर्षं थोडं-थोडं पाण्यातून जातंय त्याला औषध म्हणजे पाणी बदलणं. कुणी शरीर धुऊन काढतो म्हणून सलाइन लावायला लागला तर उठून ये. आणि शक्तीचं म्हणून कुणी मल्लसिंदूर, रसमाणिक्य हातात ठेवलं तर घेऊ नको. एकात सोमल असतो, दुसऱ्यात हरताळ, दोन्ही आर्सेनिकच. तू गरोदर असताना तर मुळीच नको.

निरोपांचं अजून थोडं राहिलं. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो थेंबभर रसायनानं, मधल्या बारीक फटीतून. मेंदूतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं असं रसायन ग्लुटामेट. शेजारणीनं हाक मारली, आपण ओ दिली, की हाक संपली पाहिजे. ती कानात घुमतच राहिली तर पुढचं काही ऐकू येणार नाही, वर डोकं दुखेल ते वेगळंच. ग्लुटामेट निरोप देऊन झालं की ते उचलून घेणाऱ्या पेशी असतात, ॲस्ट्रोसाइट. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अशा पेशींना आर्सेनिक दिलं तर त्यांचं हे उचलणं मंदावतं. उंदरांना आर्सेनिकचं पाणी पाजलं तर आठवण जिथं घडते त्या हिप्पोकॅम्पसमध्ये निरोप घेणारे दरवाजे कमी होतात. पुन्हा पुन्हा तोच निरोप आला की दोन पेशींमधली वाट रुळते, पाढे पाठ होतात ते त्यामुळंच. आर्सेनिकनं ती वाट रुळेनाशी होते. भरीस भर, आर्सेनिकला आवरायला शरीर ग्लुटाथायोन खर्च करतं, त्यातही गंधक, आणि तेच तर मेंदूला गंजापासून वाचवणारं. दाराशी भांडायला माणसं पाठवली आणि घरात राखण करायला कुणी उरलं नाही.

हे उंदरांतलं झालं. माणसांत काय दिसतं?

चिमे, जपानची एक गोष्ट सांगते. रडायची नाही. १९५५ च्या उन्हाळ्यात पश्चिम जपानात डब्याच्या दुधावर वाढणारी बाळं अचानक आजारी पडू लागली. ताप, जुलाब, कातडी काळवंडलेली. शोध लागला तेव्हा मोरिनागा कंपनीच्या दुधाच्या पावडरीत आर्सेनिक निघालं. दुधात घातलेल्या सोडियम फॉस्फेटमधून ते आलं होतं. १२,००० च्या वर बाळं आजारी पडली, १३० गेली. बाकीची बरी झाली, पुढं काही होणार नाही, असं आयांना सांगण्यात आलं. १४ वर्षांनी, १९६९ मध्ये, ओसाका विद्यापीठातले प्राध्यापक मारुयामा आणि त्यांच्याबरोबरच्या परिचारिका, शाळेतल्या बाया पुन्हा त्या घरांत गेल्या. तेव्हा कळलं की त्या मुलांत कुणाला फिट्स येताहेत, कुणाची बुद्धी वयाबरोबर वाढली नाही. त्या आया इतकी वर्षं एकच गोष्ट मनात घेऊन बसल्या होत्या: आपल्याच हातानं पाजलं.

हे तुला मुद्दाम सांगितलं. कारण काल तूही दोनदा म्हणालीस, "मीच भरून देते गं बबड्याला बाटली." ते म्हणायचं नाही. दोष पाण्याचा आहे, आणि उकळायला सांगणाऱ्या एका शहाण्या बाईचा.

जपानातली मात्रा मोठी होती, तुमच्या पंपाचं तसं नाही. थोड्या मात्रेचं बांगलादेशातल्या आराइहाजारमध्ये पाहिलं गेलं. कोलंबिया विद्यापीठाच्या गेल वासरमन, जोसेफ ग्रॅझियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या २०१ मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या, ते काम २००४ मध्ये छापून आलं. ज्यांच्या घरच्या पाण्यात लीटरला ५० मायक्रोग्रॅमहून जास्त आर्सेनिक होतं त्यांचे गुण, साडेपाचच्या खाली असलेल्यांपेक्षा ठळकपणे कमी. मग त्याच लोकांनी अमेरिकेत मेन राज्यात, खाऊन-पिऊन सुखी घरांतल्या २७२ शाळकरी मुलांत तसंच पाहिलं, २०१४ मध्ये. तिथं लीटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असलेल्या घरांतल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी पाच-सहा गुणांनी कमी निघाला. आता जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १०. मर्यादेच्या आतही! तो आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला होता.

दहा मायक्रोग्रॅम म्हणजे किती? आपल्या हिशेबात सांगते. विट्याला यायचा तो दहा हजार लीटरचा टँकर धर. असे दहा टँकर ओळीनं उभे कर आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाक. वाल आणि गुंजेच्या भाषेत वाढलेली तू, तुला एक ग्रॅम किती ते सांगायला नको. रंग नाही, वास नाही, चव नाही. बादलीला जो तांबूस थर बसतो तो लोहाचा. माशीमा म्हणतात ना, "आमच्या पाण्यात फक्त लोखंड आहे". लोहाचा डाग दिसतो म्हणून त्याचंच नाव होतं.

पण सरासरी ही सरासरी असते. बबड्या सातचा पाढा विसरतो म्हणून त्याच्या डोक्यात आर्सेनिक गेलं, असं कुणी म्हणू शकत नाही, मीही नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत बांगला. सहा वर्षांचं पोर तीन भाषांत वावरतंय, सातचा पाढा विसरायचा त्याला हक्क आहे. त्याच्यासमोर हा विषयच काढू नका. आणि त्याच्या हाताकडं बघून निर्धास्तही होऊ नका. मुलांच्या कातडीवर सहसा काहीच उमटत नाही. बघायचं ते पंपाकडं.

आता पोटातल्याचं. आर्सेनिक वारेतून बाळापर्यंत जातं, हे लपवून काय करू? मेंदूची मांडणी चालू असताना ते नको. पण दोन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. यकृत आर्सेनिकला मिथाइलचे तुकडे जोडून लघवीवाटे बाहेर काढतं, आणि गरोदरपणात बाईचं शरीर हे काम एरवीपेक्षा चांगलं करतं. त्याला फॉलिक ॲसिड लागतं, तेव्हा ती गोळी चुकवू नको. उलट्या होतात म्हणून डब्यात तशीच पडली आहे, हे मला पाहुण्यांनी सांगितलंय. दुसरी गोष्ट, आईच्या दुधात आर्सेनिक फार थोडं उतरतं. आई पीत असलेल्या पाण्याच्या मानानं फारच थोडं. निसर्गानं कुठंतरी चाळणी ठेवलीय. म्हणून बाळ झालं की सहा महिने फक्त अंगावरचं. वरचं पाणी, ग्राइपवॉटर पातळ करून, मधाचं बोट, काही नाही. तुझ्या सासूबाईंना मी फोन करीन, तू वाईट होऊ नकोस.

प्यायचं पाणी आजपासून बदलायचं, चाचणीची वाट बघायची नाही. शुद्ध केलेलं नळाचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत येतं म्हणालीस, मग रोज चार कळशा तिथून. पाहुण्यांना आणू दे, भट्टीवर दिवसभर बसून कंबर धरते त्यांची. स्वयंपाकही त्याच पाण्यात. हे विसरतात लोक. भात शिजताना पाणी पिऊन घेतो, त्यातलं आर्सेनिकही. शिवाय भातशेतीत पाणी तुंबून राहतं म्हणून तांदळात मुळातच थोडं येतं. चांगलं पाणी भरपूर घालून, आजी करायची तसा भात वेळून घेतलास तर बरंचसं पेजेबरोबर निघून जातं. इतकी वर्षं आपण आजीला म्हणत आलो की जीवनसत्त्वं ओतून देतेस! पेज मात्र पिऊ नको. आंघोळ, धुणं-भांडी पंपाच्या पाण्यात चालेल, कातडीतून फारसं आत जात नाही. घरातल्या आरओवर डोळे झाकून विसंबू नको. आर्सेनिकचं एक रूप त्यात चांगलं अडतं, दुसरं निसटतं. बाहेर पडणारं पाणी तपासल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र द्यायचं नाही.

आणि तपासणी. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी (पीएचई) खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं, तिथं बाटली द्यायचीच. पण मी कुरियरनं एक किटही पाठवतेय. कालच कॉलेजात मुलींबरोबर एक उघडलं. बाटलीत पाणी, त्यात पुड्या टाकायच्या, शेवटची जस्ताची, की फसफसायला लागतं. झाकणात पांढऱ्या कागदाची पट्टी. पाण्यातलं आर्सेनिक वायू होऊन वर चढतं आणि पट्टीला लागतं. तो वायू विषारी, म्हणून हे अंगणात करायचं, आणि तू लांब बसायचंस, पाहुणे करतील. वीस मिनिटं. आम्ही मुद्दाम मोजून आर्सेनिक घातलं होतं. पाच मिनिटं कागद कोराच, मुली मोबाइल बघायला लागल्या. मग मध्यभागी लिंबाच्या सालीसारखी छटा आली, मग हळदीचं बोट लागल्यासारखा ठिपका, आणि शेवटी कडेला तपकिरी. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तर प्यायलं असतं आपण." मी काही बोलले नाही.

डॉक्टर लघवीची तपासणी लिहून देतील. त्याआधी तीन-चार दिवस समुद्राची मासळी खायची नाही. त्यातलं आर्सेनिक निरुपद्रवी असतं, पण आकडा उगाच फुगवतं. रक्ताच्या तपासणीचा आग्रह धरू नकोस, रक्तातून ते लवकर निघून जातं. नखांत आणि केसांत टिकतं. का? तिथं गंधक भरपूर, म्हणून!

माशीमांना काय सांगायचं, हे तू विचारलंस आणि मी उत्तर टाळलं. गल्लीत त्यांच्या हातचं कुणी घेत नाही, महारोग समजतात, हे ऐकून मला कसंतरी झालं. हा लागणारा आजार नाही, एवढं तर आजच सांग. बाकीचं तू सांगू नकोस. भाडेकरूनं घरमालकिणीच्या पंपाला नावं ठेवली असं व्हायचं. किट आलं की त्यांना अंगणात बोलव, चहा दे, कळशीतल्या पाण्याचा. पट्टी त्यांच्याच हातात धरू दे. वीस मिनिटं गप्पा मारा. तू म्हणालीस ना, पंपाच्या दांड्याखाली कधीतरी कुणीतरी लाल पट्टा मारून गेलं होतं आणि त्यांच्या मुलानं त्यावर हिरवा रंग दिला? तो रंग कधी दिला, हे तेवढं त्यांना विचारून ठेव.